लाल दोऱ्याची बोंडं

२१ जुलै २०२३, शुक्रवार

उशीर झाला, माफ कर. मार्चनंतर आज वही उघडतोय. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहायला बसलो की बॉयलरचा आवाज येतो आणि उठून बघावं लागतं. आवाज बॉयलरचा नसतोच.

तर — राखीने दांडा काढला! मे महिन्यात पानांच्या मधून जाडसा कोंब आला. मला वाटलं नवं पान असेल. आता दांडा माझ्या डोक्यावर गेलाय, टोक कन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीच्या, छताला लागायला आलं आहे. राखी हे नाव मी ठेवलेलं. पाटीवर दुसरं नाव होतं, लांबलचक, ते मला कधी नीट वाचता आलं नाही. सातवीत शाळा सुटली माझी. आमच्या गावच्या बांधावर घायपात असायची, तिच्याच जातकुळीतली ही, पण मेक्सिकोच्या डोंगरातली. आकाराने लहान, रंग राखेचा. बावीस वर्षं कुंडीत सांभाळली.

ही एकदाच फुलते आणि मरते. बुडाशी पिल्लंही येत नाहीत हिला. म्हणजे बी धरलं तर धरलं, नाही तर संपलं.

प्रणवला सांगितलं. तो लॅपटॉपवर होता. म्हणाला, "बाबा, ट्वेंटी-टू इयर्स म्हणजे गुड इनिंग्ज ना." मुलगा इथेच इंग्लंडात, मेडनहेडला जन्मला. मनाने वाईट नाही.

२४ जुलै

ब्रॅकनेलहून जयंत आला, गाडी घेऊन. त्याचा डावा डोळा अधू आहे. गाडी नीट लागेपर्यंत मी खिडकीत उभा होतो.

आम्ही दोघं एकाच फॅक्टरीत होतो, एकाच शिफ्टला. या काटेरी झाडांचं वेडही बरोबरच लागलं. त्याच्याकडे काळकाटी आहे. हिरवी, काटे काळे कुळकुळीत. तीही यंदाच फुलली! दोघी एका उन्हाळ्यात फुलल्या, हे पुन्हा व्हायचं नाही. आम्ही तर नाहीच असणार.

राखी थंडी सोसते पण ओल सोसत नाही. काळकाटी ओल सोसते, पण कडाक्याच्या थंडीत पानं काळी पडतात तिची. दोघींचं मिळून जे होईल त्यातलं एखादं तरी दोन्ही सोसेल, असा हिशेब. मग इथल्या हिवाळ्यात कुंडी बाहेर ठेवता येईल. फ्लीसचं पांघरूण नको, हीटर नको. तेवढंच हवंय, मोठं काही नाही.

जयंत म्हणाला, "मुरल्या, तिचं फूल बघायला तुला शंभरी ओलांडावी लागेल."

म्हटलं, फूल तू बघ. मला एक हिवाळा बाहेर काढलेलं रोप बघायचंय.

१ ऑगस्ट

जयंताने पराग आणून दिला. फिल्मच्या जुन्या डबीत, तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, दमट होऊ नये म्हणून. फ्रिजच्या दारात लोण्याशेजारी ठेवला. चिकटपट्टीवर लिहिलं — खायचं नाही. आसावरी म्हणाली, "बाबा, मराठीत लिहिलंत, म्हणजे प्रणव हमखास खाणार." तिने खाली इंग्रजीत लिहिलं. सून पुण्याची आहे, पण इथे माझ्यापेक्षा चांगली रुळली.

३ ऑगस्ट

पद्धत लिहून ठेवतो. विसरलो तर पंचाईत.

फूल उमललं की आधी पराग सुटतो. मधली काडी दोन-तीन दिवसांनी लांब होते आणि टोक चिकट होतं. त्याआधीच, संध्याकाळी, परागाच्या पिवळ्या पिशव्या कातरीने उडवायच्या. नाही तर राखी स्वतःच्याच परागाने धरेल, म्हणजे पुन्हा राखीच. काडी चिकट झाली की डबीतली पूड मऊ ब्रशने लावायची. लावली की खूण. मागे एकदा पाट्यांवरची शाई उडून सगळा घोळ झाला होता, म्हणून यंदा दोरा. देवाच्या खणात लाल दोऱ्याचं रीळ होतं, ते आणलं. आसावरीला विचारायचं राहिलं.

स्टुलावर चढू नका म्हणते ती. खालची फुलं स्टुलाशिवाय होतात.

५ ऑगस्ट

पाऊस. काडी कोरडीच.

९ ऑगस्ट

सगळ्यांत खालची दोन फुलं झाली. दोरे बांधले. गाठ सैल बसली की काय कोण जाणे. बाहेरचं दार लावलं का ते बघायला तीनदा उठलो.

२७ ऑगस्ट

फुलं आता दांड्याच्या वरच्या भागात उमलतायत. आसावरीने स्टूल धरलं, मी चढलो. दोरे आता दांडाभर. डबी रिकामी.

१६ सप्टेंबर

खालची दोन बोंडं अंगठ्याएवढी झाली, हिरवीगार. वरची अजून बारीक आहेत. पुष्कळशी गळाली, ती गळणारच. मागच्या आठवड्यातल्या उकाड्याने मदत केली असावी. जयंत फोनवर म्हणाला, काळकाटीची खालची पानं लोळायला लागली. त्याने तिच्यावर बी धरवलंच नव्हतं, त्याला आळस. म्हणजे जे काही आहे ते माझ्याकडेच.

रात्री तेच डोक्यात. काच फुटली तर? कोल्हा आत आला तर?

१० ऑक्टोबर

पाणी बंद. आता मार्चपर्यंत थेंब नाही. थंडीत मुळाशी ओल राहिली की बुडखा सडतो, इथे एवढं एकच पथ्य. प्रणवला सांगितलं, आसावरीला सांगितलं. दरवर्षी सांगतो. प्रणव म्हणाला, "आय नो, बाबा. पाणी नाही घालायचा."

२० ऑक्टोबर

आसावरीची आई आली, सुप्रभाताई. मार्चपर्यंत राहणार. विमानतळावरून आल्या त्या थेट देवाशी. बॅगेतून तुळशीचं रोप काढल्यासारखं करून बी काढलं! म्हणाल्या, रोप आणू देत नाहीत. आसावरीने दुकानातून बेझिलचं रोप आणून दिलं, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "चालेल. वासाला बहीणच आहे."

२४ ऑक्टोबर

सुप्रभाताई बोलतात खूप. मी ऐकतो. राखीला फ्लीस गुंडाळत होतो तर म्हणाल्या, "मुरलीधरराव, झाडाला स्वेटर? आमच्या ह्यांना मी कधी एवढं जपलं नाही हो."

देवाचं पाणी सिंकमध्ये ओतत नाहीत. बेझिलला घालतात. निर्माल्यासाठी एखादी रिकामी कुंडी द्याल का म्हणाल्या. शेडमधली तडा गेलेली मातीची कुंडी कन्झर्व्हेटरीच्या दाराबाहेर ठेवून दिली. तीत माझी उरलेली माती होती, निम्मी खडीच. ती असू दे म्हणाल्या. वाळलेली फुलं त्यात घालतात आणि वर थोडी माती लोटतात.

१२ नोव्हेंबर

दिवाळी. चकल्या चांगल्या झाल्या. जयंत आला होता, त्याने सतरा खाल्ल्या असं सुप्रभाताई म्हणाल्या. त्याच्यासमोरच म्हणाल्या.

३ डिसेंबर

बाहेर उणे चार. आत सहा. बोंडं हिरवीच. खालच्या दोन्हींच्या टोकाला जरा पिवळटपणा आलाय. दाबून बघितलं नाही. बघावंसं वाटलं.

११ डिसेंबर

खोकला. छातीत कफ. डॉक्टरने गोळ्या दिल्या. आसावरीने कन्झर्व्हेटरीत जायला बंदी केली, म्हणाली तिथला गारठा बाधतो तुम्हाला. वरच्या खोलीत बसायचं. हीटर चालू आहे का ते कसं कळणार?

सुप्रभाताई गुळवेल उकळून घेऊन वर आल्या. कडू जहर. म्हणाल्या, "झाडाची काळजी करू नका. मी आहे ना. बघते मी त्याच्याकडे."

बरं वाटलं.

१८ डिसेंबर

बेझिल गेलं. थंडीने काळं पडलं. सुप्रभाताईंना वाईट वाटलेलं दिसलं.

२६ डिसेंबर

सगळीकडे बॉक्सिंग डे, आमच्याकडे दत्तजयंती. आरती वरपर्यंत ऐकू आली. पेढा आला. खोकला तसाच.

१ जानेवारी २०२४

निर्माल्याची कुंडी भरली म्हणून प्रणवला सासूबाईंनी नदीवर पाठवलं. वरचं वरचं पिशवीत भरून दिलं, माती राहू दिली. सकाळी थेम्सच्या पुलाजवळ माणसंच माणसं. तो मला सांगत होता, "आय वॉज सो एम्बॅरस्ड, बाबा. मग मी डक्सना ब्रेड घालते तसं केलं. डक्स आल्या. दे वर नॉट इम्प्रेस्ड." हसताना खोकला आला.

१५ जानेवारी, संक्रांत

पाच आठवड्यांनी खाली आलो. सुप्रभाताईंनी हातावर तिळगूळ ठेवला. तो हातात तसाच धरून राखीकडे गेलो.

खालची दोन बोंडं नव्हती. नुसते देठ.

फ्लीस सोडली. माती काळी, चिंब. कुंडीच्या कडेला हळदकुंकू. बुडख्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. वास आला. तो वास मला माहीत आहे.

पाणी कोणी घातलं, विचारलं. सुप्रभाताई म्हणाल्या, मीच की, रोज, देवाचं. बेझिल गेल्यापासून. कोणी काही चांगलं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. बोंडं कुठे गेली? तर दत्तजयंतीला देवाला वाहिली. पिकलेली होती, हात लावताच आली. मग निर्माल्यात. निर्माल्य नदीत.

मी म्हणालो, "तुम्ही मारलंत तिला."

आवाज चढला असावा. आसावरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. सुप्रभाताई राखीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "झाडाला एवढे लाल दोरे बांधलेले. मला वाटलं, तुम्ही मानता त्याला. तुम्ही आजारी, म्हणून तुमच्या वतीने मी घालत होते."

तिळगूळ मुठीत चिकटला होता, तो गरम पाण्याने धुवावा लागला.

१६ जानेवारी

दांडा बुडातून कापला. कापलेल्या दांड्यावरही बोंडं कधी कधी पिकतात. बाथरूममध्ये बादलीत उभा केला. राहिलेली बोंडं सगळी वरची, उशिराची. प्रणव दात घासायला गेला आणि परत आला.

२२ जानेवारी

सुप्रभाताई आता पूजा वरच्या खोलीत करतात. कन्झर्व्हेटरीत येत नाहीत. देवाचं पाणी आता बाहेरच्या निर्माल्याच्या कुंडीत घालतात. जेवताना वाढतात, मी घेतो. "मीठ?" "पुरे." एवढंच.

२९ जानेवारी

त्यांनी तिकीट बदलून घेतलं. मार्चचं होतं ते पुढच्या आठवड्याचं. आसावरी म्हणाली, आईला डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायचंय. ऑपरेशन एप्रिलात आहे.

६ फेब्रुवारी

गेल्या. दारात त्यांनी लांबूनच हात जोडले. मीही जोडले. गाडीत बसताना मागे वळून म्हणाल्या, "त्या निर्माल्याच्या कुंडीवर कुणाचा पाय पडू देऊ नका हं. देवाचं आहे."

मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही.

७ फेब्रुवारी

कन्झर्व्हेटरी आवरली. राखी काढली. हातात काही राहिलं नाही, नुसती पानं सुटी. निर्माल्याची कुंडी नजरेसमोर नको म्हणून ओढत शेडमागे नेली, भिंतीशी. ऊन तिथे येतं, पण माणूस जात नाही. कोल्हे उकरतात म्हणून वर जुन्या खिडकीची काच टाकली. कंबर धरली.

१९ फेब्रुवारी

बोंडं सुरकुतायला लागली. पाणी बदललं.

९ मार्च

आज फोडली. आत चकत्या रचल्यासारखं बी असतं, तसंच होतं. पण सगळं पांढरं. चांगलं बी काळं असतं. पांढऱ्यात जीव नसतो. एकेक बोंड वर्तमानपत्रावर झाडून बघितलं. भिंगाखाली बघितलं. शेवटी जयंताला फोन लावून ठेवला टेबलावर आणि फोडत गेलो. तो नुसता विचारत होता, "काळं?" मी नाही म्हणायचो.

मग फुंकर मारली. उडालं सगळं.

१० मार्च

काही नाही.

२ एप्रिल

जयंत आला. काळकाटीही गेली, त्याने कौन्सिलच्या ब्राउन बिनमध्ये, बागेच्या कचऱ्यात टाकली, तुकडे करून. चहा प्यायलो. तो म्हणाला, "चूक तुझी, मुरल्या. लाल दोरा, तोही देवाच्या खणातला. आपल्या बायका दुसरं काय समजणार? निळा बांधायचास."

म्हटलं, निळं रीळ नव्हतं.

"मग दोष रिळाचा," म्हणाला आणि माझं बिस्कीट खाल्लं.

राहिलेल्या कुंड्या घेऊन जा म्हटलं त्याला. नंतर नेतो म्हणाला. नेणार नाही.

१७ एप्रिल

सुप्रभाताईंचं ऑपरेशन झालं. आसावरी फोनवर होती, मी जिन्यात थांबलो. डोळ्यावर पट्टी आहे, बरं आहे सगळं. आसावरीने मला फोन दिला नाही. मी मागितलाही नाही. जिन्यातला दिवा चालू राहिला होता, तो बंद केला.

४ मे

आसावरी चांगली वागते. गोळ्या वेळेवर देते. पण पूर्वी फ्रिज उघडताना काहीतरी बोलायची, ते बोलत नाही. देवाच्या खणात रीळ परत ठेवलं. तिने बघितलं असेल.

१९ मे

प्रणव म्हणाला, "बाबा, तुम्ही आसावरीच्या आईंना कॉल का नाही करत? जस्ट से समथिंग." काय म्हणायचं? "हाउ इज युअर आय," म्हणाला. मी म्हटलं करीन. हाताला लागला की फोन उचलतो, मग चार्जिंग बघतो आणि ठेवतो.

२ जून

गवत वाढलंय. शेडच्या मागेही वाढलं असेल. कंबर बरी झाली की काढीन.

११ जून

गवत काढायला शेडमागे गेलो. कुंडीवरच्या काचेला आतून दव धरलं होतं. उचलली.

मातीत हिरव्या सुया आहेत. नऊ. गवत म्हणून उपटायला हात गेला आणि थांबला. प्रत्येकीच्या टोकाला बीचं टरफल आहे, टोपी घातल्यासारखं. काळं. घायपातीच्या जातीचं बी असंच उगवतं. बोंडं नदीत गेली, पण ती आधीच उकलली असणार, बी इथेच सांडलं असणार. हिवाळाभर बाहेर होतं हे. थंडीत, तडा गेलेल्या कुंडीत.

एकीच्या बुडाशी माती जरा सारली. लाल दोरा. माझीच गाठ. सैल नव्हती.

जयंताला अजून सांगितलं नाही. आधी आसावरीकडून नंबर घेतला आणि फोन लावला. वाजत राहिला. तिकडे रात्र झाली असेल, पट्टी आहे की सुटली तेही माहीत नाही. मग निरोप लिहिला. आसावरी शेजारी उभी राहून एकेक अक्षर दाखवत होती, तिने मध्येच नाक पुसलं. जसा पाठवला तसा इथे उतरवून ठेवतो —

सुप्रभाताई, डोळा कसा आहे? तुमच्या कुंडीवर कुणाचा पाय पडू दिला नाही. तीत माझी रोपं आली आहेत. या कुंडीला तुम्ही पाणी किती घालत होतात आणि कसं, मला माहीत नाही. घालू की नको? तुम्ही सांगाल तसं करतो. लवकर कळवा.